बाहुली ज्याच्या वाट्याला

दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत गप्प बसणं ग्रिसेल्दाला कधी जमलंच नाही. मेक्सिकोतल्या केरेतारोपासून घरच्या आकांबारोपर्यंतचा सगळा रस्ता तिने उजवा पाय दाबत काढला. पायाखाली ब्रेक नव्हता, तरी वळण आलं की पाय आपोआप दाबला जायचा, आणि तो पुढच्या सीटला लागला की पुढची बाई मागे वळून बघायची. ड्रायव्हर पोरगेला होता, गिअर उशिरा टाकत होता. ग्रिसेल्दा स्वतः कित्येक वर्षं लांब पल्ल्याच्या बस चालवत होती, त्यामुळे तिला ते बघवत नव्हतं. पण खरं सांगायचं तर आज स्टिअरिंग तिच्या हातात असतं तरी तिचा जीव थाऱ्यावर नसता. आज सहा जानेवारी, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा दिवस. संध्याकाळी घरात रोस्का, पोटात इवली बाहुली लपवलेला सणाचा गोड पाव, कापायचा होता, आणि तो कापून झाला की चेमाचं काय करायचं ते ठरायचं होतं.

चेमा तिचा धाकटा भाऊ. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेला. हे पोर फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांनी आईला तेव्हाच सांगून टाकलं होतं. त्या डॉक्टरांना जाऊन जमाना झाला. चेमा चाळिशीला टेकला आणि अजून रोज सकाळी पावाच्या भट्टीवर कामाला जातो. दोन वाक्यांच्या पुढे सहसा बोलत नाही. पत्त्यांत लबाडी करतो, पाहुणे जाऊ नयेत म्हणून त्यांचे जोडे लपवून ठेवतो, आणि मनाविरुद्ध काही झालं की दिवसदिवस रुसतो.

आई नोव्हेंबरात गेली. मृतांच्या दिवसासाठी आणलेला झेंडू अजून सुकला नव्हता. ती होती तोवर कोणी विचारलं, तुमच्यामागे या पोराचं कसं, की आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "माझी ग्रिस आहे ना." शेजारणीला तेच, पाद्रीबाबांना तेच, शेवटी इस्पितळातल्या नर्सलाही तेच. ग्रिसला मात्र कधी कोणी विचारलं नाही. ती दहा वर्षांची असताना आई हे म्हणाली तेव्हा तिची छाती अभिमानाने फुगली होती. विसाव्या वर्षी नाचाच्या कार्यक्रमाला चेमाला बरोबर न्यावं लागायचं, तेव्हा तेच शब्द तिला टोचू लागले. तिशीत ती बस चालवायला शिकली, ते काही अंशी त्या चार शब्दांपासून लांब पळता यावं म्हणूनच. असं तिला स्वतःला वाटायचं, आणि वाटलं की लाजही वाटायची.

मोठा भाऊ रुतिल्यो सालवातिएर्रात राहायचा, जवळच. टायरचं दुकान, बायको ओब्दुलिया, तीन पोरं, वर ओब्दुलियाची आई. घरात पाय ठेवायला जागा नाही, हे तो इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाऱ्याला आपलेच पाय आखडल्यासारखे व्हायचे. आईच्या नवव्या दिवसाची जपमाळ झाली, माणसं गेली, स्वयंपाकघरात घरचीच उरली. रडून रडून सगळ्यांचे घसे बसले होते. तेव्हा वातावरण हलकं करायला म्हणून रुतिल्योच बोलून गेला होता, "आता वाद नको. राजांच्या दिवशी ठरवू. ज्याच्या वाट्याला बाहुली, त्याच्या वाट्याला चेमा."

सगळे हसले होते. ग्रिसेल्दाही हसली होती. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं, तर तिथे चेमा अटोलेचं, मक्याच्या गोड पेजेचं, रिकामं पातेलं घेऊन उभा होता. तो हसत नव्हता. ते पातेलं त्याने मोरीत ठेवलं आणि परसात निघून गेला.

थट्टा ती थट्टाच, पण गंमत अशी की तेव्हापासून दुसरं काही ठरलंच नाही. फोनवर विषय निघाला की रुतिल्यो म्हणायचा, बघू, राजांचा दिवस येऊ दे. ग्रिसेल्दाही म्हणायची, बघू. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. तोवर शेजारीण दोन्या कुका रोज रात्री येऊन आईच्या खाटेवर झोपत होत्या. एकदा चेमाने दूध तापत ठेवलं आणि विसरला, खिडकीचा पडदा पेटला, तो दोन्या कुकांनीच विझवला. पण आता त्या उत्तरेला लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या, दोन फेब्रुवारीला कँडेलारियाच्या सणाचे तमाल, मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके, खाऊन. म्हणजे बघू म्हणण्याचे दिवस संपत आले होते.

ग्रिसेल्दाने करून पाहिलं नव्हतं असं नाही. डिसेंबरात ती चेमाला केरेतारोला घेऊन गेली होती. तिची एक खोली, तिसऱ्या मजल्यावर. ती कामाला गेली की चेमा पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसायचा. जेवायचा नाही. एके दिवशी ती परत आली तर दार सताड उघडं. शोधत शोधत स्टँडवर गेली तेव्हा तो एका बाकावर बसला होता, डोक्यावर भट्टीची पांढरी टोपी, आणि येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत होता, आकांबारो? तिने त्याला तिथेच चार माणसांत रागावून घेतलं. मग त्याच्या शेजारी बसून रडली. तो तिच्याकडे न बघता गाड्या बघत राहिला.

आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या साहेबाने तिला उत्तरेची गाडी देऊ केली. वाळवंटातून, रात्रभर, थेट सीमेपर्यंत. ही गाडी तिने कित्येक वेळा मागितली होती आणि कित्येक वेळा ती पुरुषांना मिळाली होती. आता मिळत होती तेव्हा ती साहेबाला म्हणाली, विचार करून सांगते. साहेबाला आश्चर्य वाटलं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी तिला हो किंवा नाही सांगायचं होतं. चेमा तिच्याकडे आला तर ती गाडी गेलीच, आणि कदाचित नोकरीही. तो तिच्याकडे नाही आला तर उरलं मोरेलियाच्या सिस्टरांचं वसतिगृह. ओब्दुलियाने तिथे चौकशी करून ठेवली होती. जागा स्वच्छ आहे, बाग आहे, रविवारी भेटता येतं, असं ती फार प्रेमाने सांगायची. रविवारी भेटता येतं हे ऐकलं की ग्रिसेल्दाला फोन ठेवून द्यावासा वाटायचा. पण उत्तरेची गाडी आठवली की तिला तेवढाच रागही यायचा, आईचा, रुतिल्योचा, आणि काहीच न करणाऱ्या चेमाचाही.

स्टँडवरून ती सरळ भट्टीवर गेली. चेमाने फोनवर बजावलं होतं, आधी इकडे ये. दुकानात राजांच्या दिवसाची झुंबड उडाली होती, रांग रस्त्यापर्यंत आली होती. चेमा आत टोपी घालून ट्रेवरची साखर ब्रशने झाडत होता. तिला बघून त्याने ब्रश वर केला आणि पुन्हा कामाला लागला. काम टाकून येणं त्याला मान्य नव्हतं.

गल्ल्यावरचे म्हातारे मालक वुल्फ्रानो बडबडत होते. त्यांनी आधी आईची आठवण काढली, मग आपल्या मुलाचा पाढा सुरू केला. सगळं आता मुलगा बघतो, मुलाला काही सांभाळता येत नाही, पहाटे पावात खुपसायच्या बाहुल्यांची एक अख्खी पिशवी कुठे गेली ती सापडेना, शेवटी बाजारातून नवी आणावी लागली. आणि तुमचा चेमा, ते म्हणाले, आज कोणाला तुमच्या रोस्काला हात लावू देत नाही, भाजून आला तेव्हापासून राखण करतोय. ग्रिसेल्दा मान डोलावत होती आणि घड्याळ बघत होती. रुतिल्यो पोचला असेल, ओब्दुलियाने बोलायला सुरुवातही केली असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. म्हाताऱ्याचं निम्मं तिने ऐकलंच नाही.

रोस्काचा खोका घ्यायला तिने हात पुढे केला, तर चेमाने तिला कोपराने ढकललं. दोन्ही हातांवर तो लांबट खोका आडवा धरून तो पुढे चालू लागला, सावकाश, देवाची पालखी निघावी तसा. ती मागे. तिची चाल झपाट्याची, त्यामुळे ती दर थोड्या वेळाने त्याच्या पाठीवर आदळत होती. एकदा तिने विचारलं, चेमा, मोरेलियाबद्दल तुला कोणी काही बोललं का? तो म्हणाला, "बाग आहे." पुढे काही नाही. वाकडं तोंड करून त्याने खोका थोडा वर उचलला.

घरी सगळं मांडून तयार होतं. ओब्दुलियाने चॉकलेट उकळून फेसलं होतं. पोरांना तिने आपल्या आईकडे ठेवलं होतं, मोठ्यांचं बोलणं आहे म्हणून. दोन्या कुका चर्चमध्ये होत्या, त्यांचा तुकडा झाकून ठेवायचा होता. टेबलाशी चौघं बसली आणि आईची खुर्ची मोकळी राहिली. ती कोणी हलवली नाही, तिच्याकडे कोणी बघितलंही नाही.

या घरात रोस्का कापायची रीत आईने घातलेली. सगळ्यात धाकट्याने पहिला तुकडा कापायचा, मग वरच्याने, असं चढत जायचं. जो तो आपला आपण कापणार, म्हणजे नशिबाचा दोष दुसऱ्याला नाही. बाहुली निघाली की तो बाळ येशूचा धर्मपिता किंवा धर्ममाता, आणि दोन फेब्रुवारीला, कँडेलारियाला, सगळ्यांना तमाल खाऊ घालायची त्याची जबाबदारी. त्यामुळे बाहुली लपवायची खोडही घरात जुनी. आईची नजर मात्र घारीची. गाल जरा फुगलेला दिसला की ती उठून समोर यायची, तळहात हनुवटीखाली धरायची आणि म्हणायची, थुंक. रुतिल्योने लहानपणी एकदा ती चक्क गिळली होती. सगळे घाबरले, आई हसली. "गिळलीस तरी तुझीच," म्हणाली, आणि गिरणीतून तमालच्या पिठाची बादली त्यालाच उचलायला लावली. ही गोष्ट दर वर्षी पाव कापताना कोणीतरी सांगायचं. आज कोणी सांगितली नाही.

चेमाने टोपी काढली, केस नीट केले, सुरी घेतली. साखरेचा जाड पट्टा असलेला तुकडा त्याने बरोब्बर हेरला, कापला आणि बशीत ठेवला. मग सुरी ग्रिसेल्दाकडे सरकवली.

तिने मुद्दाम लहान तुकडा कापला. बाहुली निघो न निघो, या मूर्खपणावर कोणी भाऊ वाटून देत नाही, ती स्वतःला समजावत होती. पण तिला हेही ठाऊक होतं की आज बाहुली जर तिला निघाली, तर रुतिल्यो हसत हसत म्हणेल, बघ, ठरलं. ओब्दुलिया म्हणेल, आईचीच इच्छा. आणि तिला नाही म्हणता येणार नाही, कारण नाही म्हणायला लागणारं वाक्य तिच्याकडे नव्हतं. चाळीस वर्षांत ते तिने तयारच केलं नव्हतं.

पहिल्याच घासाला दातांखाली काहीतरी कडक आलं.

जिभेने तिने चाचपलं. डोकं. दोन वर केलेले हात. प्लास्टिकचे इवले पाय. क्षणभराचाही विचार न करता जिभेने तिने ती बाहुली उजव्या गालात, मागे, अक्कलदाढेपाशी सारली आणि पाव चावत राहिली. कोणाला काही कळलं नाही. जीव भांड्यात पडायला हवा होता, तो पडला नाही. आपण काय केलं हे तिला नीट दिसत होतं. तिने बाहुली नव्हती लपवली, चेमाला लपवला होता, तो समोर बसून साखर खात असताना.

रुतिल्यो कापू लागला. त्याची सुरी मध्येच अडली. त्याने ती थोडी हलवली, पुन्हा दाबली, तुकडा निघाला. मग सून म्हणून शेवटी ओब्दुलियाने कापला. ग्रिसेल्दा दोघांचे चेहरे बघत होती. पाव आता निम्म्याहून कमी उरला होता. उरल्या पावात असेल, असंच सगळे म्हणतील. मग पुन्हा बघू. मग उद्या ती साहेबाला काय सांगणार?

आणि मग तिच्या लक्षात आलं की कोणीच बोलत नाहीये.

रुतिल्यो, ज्याचं तोंड झोपेत तेवढं बंद असतं, तो मूग गिळून बसला होता. चघळतही नव्हता. ओब्दुलियाने नॅपकिनने ओठ टिपले, नॅपकिन मुठीत घट्ट धरला आणि छताकडे बघू लागली. चॉकलेटवर साय धरली. कप कोणी उचलेना. बाहेर रस्त्यावर पोरं नव्या सायकलींच्या घंट्या वाजवत होती, तेवढाच आवाज. ग्रिसेल्दाला वाटलं, आईच्या आठवणीने गप्प झाले असतील, आणि आपण तेवढ्या नीच. खुर्चीत तिला बसवेना, उठवेना.

चेमाने साखरेचा पट्टा संपवला होता. आता त्याने उरलेला तुकडा दोन्ही हातांनी मोडला, आतली बाहुली बोटांनी काढली, शर्टाला पुसली आणि बशीशेजारी उभी करून ठेवली.

"मला आली," तो म्हणाला.

ग्रिसेल्दाला काही उमजेना. वुल्फ्रानोंच्या भट्टीवर घरच्या पावात एकच बाहुली घालतात, हा आईच्या वेळचा करार. ती एक तर तिच्या गालात होती. तिने बाकीच्यांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यांवर मात्र सुटका झाल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. रुतिल्योने चेमाच्या पाठीवर थाप मारली, पण शब्द काही बोलला नाही. बोलली ती ओब्दुलिया. मूठ तशीच आवळलेली ठेवून ती म्हणाली की देवानेच निवाडा केला म्हणायचा. कोणा एकावर भार नाही. आता सिस्टरांना कळवून टाकू, कँडेलारियानंतरची तारीख घेऊ. चेमाला बाग आवडेल.

चेमाने मान हलवली, जोरात, दोन्ही बाजूंना.

"बाहुली ज्याला, चेमा त्याचा," तो म्हणाला. "रुतिल्यो बोलला. मी ऐकलं." बाहुलीवर त्याने बोट ठेवलं. "मला आली. चेमा माझा."

ग्रिसेल्दाला रडू आलं, आणि तोंडात बाहुली असल्यामुळे रडताही येईना. माझा, तो म्हणाला होता. त्या घरात हा शब्द चेमाबद्दल सगळ्यांनी वापरला होता. माझा चेमा म्हणून आईने त्याला चाळीस वर्षं सांभाळला होता, आणि तिने स्वतः शाळेच्या मैदानात माझा भाऊ म्हणून पोरांची थोबाडं फोडली होती. त्याच्या तोंडून तो पहिल्यांदा येत होता.

चेमा उठला. टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा तळहात तिच्या हनुवटीखाली आला, रुंद, आखूड बोटांचा, अजून साखरेने चिकट.

"ग्रिस," तो म्हणाला. "थुंक."

ती थुंकली. ओली बाहुली त्याच्या तळहातावर पडली. रुतिल्योचे डोळे विस्फारले. दुसरी कुठून आली, ओब्दुलिया म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक झाला. ग्रिसेल्दाने हात लांब करून ताटातला उरलेला पाव उचलला आणि उलटा केला. खालच्या बाजूला बोटाबोटाच्या अंतरावर भोकं होती. प्रत्येक भोकातून इवले पाय डोकावत होते. भट्टीवरची हरवलेली पिशवी सापडली होती.

"एवढ्या कशाला रे?" तिने विचारलं.

"एकाला आली की बाकीचे घरी जातात," चेमा म्हणाला.

तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता ते वाक्यही आलं, जे चाळीस वर्षं येत नव्हतं. ती म्हणाली, मला उत्तरेची गाडी मिळतेय आणि मी उद्या हो म्हणणार आहे. म्हणाली, चेमा केरेतारोला येणार नाही, त्याला तिथे राहायचं नाही, आणि मलाही त्याला तिथे ठेवायचं नाही. हे मी डिसेंबरात बोलायला हवं होतं. मोरेलियालाही तो जाणार नाही. तो इथे राहील, याच घरात, आणि भट्टीवर जाईल. "माझे सुट्टीचे दिवस इथे. सगळे. ही बाहुली माझी आहे, मी लपवली होती." एवढं बोलून तिने चेमाकडे बघितलं, कारण आता फक्त त्याच्याच उत्तराची भीती उरली होती. "मी गेले तर चालेल तुला?"

चेमाने विचार केला. त्याला वेळ लागतो.

"जा," तो म्हणाला. "दोन तारखेला ये. तमाल बांधायला."

ओब्दुलियाला राहवलं नाही. सुट्टीचे दिवस ठीक आहेत, ती म्हणाली, पण बाकीच्या रात्री? गॅस कोण बंद करणार? पडदा पेटला होता ते विसरलात? दोन्या कुका गेल्या की इथे झोपणार कोण? प्रश्न खोटा नव्हता. पण चेमा तोवर ओब्दुलियाच्या खुर्चीशी पोचला होता. हनुवटीखाली हात धरायची त्याला गरज वाटली नाही. त्याने तिच्या मुठीतल्या नॅपकिनला नुसतं बोट लावलं. ओब्दुलिया लाल झाली. तिने मूठ उघडली. चुरगळलेल्या कागदात तिसरी बाहुली होती.

"मला वाटलं, बदाम आहे," ती म्हणाली. मग खाली बघून पुटपुटली की पोरांना रविवारी इथे आणता येईल, त्यांना तसंही काका आवडतो.

आता रुतिल्यो उरला. चेमा त्याच्यासमोर उभा राहिला आणि तळहात पुढे केला. रुतिल्यो टेबलाच्या कडेला धरून बसला होता. पन्नाशीचा, केस विरळ झालेला, नखांत टायरचं काळं कायमचं बसलेलं. त्याने चेमाकडे बघितलं, मग आईच्या खुर्चीकडे बघितलं.

"थुंक," चेमा म्हणाला.

रुतिल्योच्या गळ्यातला कंठमणी वर गेला आणि खाली आला. मग त्याने तोंड उघडून दाखवलं, मोठं, दंतवैद्यापुढे उघडावं तसं. आत काहीच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. घशाला टोचल्यामुळे की आणखी कशामुळे, ते त्याचं त्यालाच ठाऊक. जागा नाही, टायर, सासू, ही त्याची नेहमीची वाक्यं ओठांपर्यंत आलेली ग्रिसेल्दाला दिसली, आणि एकही बाहेर पडलं नाही.

चेमाने तळहात मागे घेतला नाही. रागावलाही नाही. त्याने दुसरा हात भावाच्या पोटावर ठेवला, शर्टाच्या बटणावर, बाहुली जिथे पोचली असेल तिथे, आणि आई म्हणायची तसंच, त्याच स्वरात म्हणाला, "गिळलीस तरी तुझीच."

मग तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला, टोपी घातली आणि गार झालेलं चॉकलेट पिऊ लागला. रुतिल्योने आपल्या पोटावरून हात फिरवला. मग त्याने विचारलं, गिरणी पहाटे किती वाजता उघडते, म्हणजे त्याला आदल्या रात्री इथेच झोपायला यावं लागेल का.

"हो," चेमा म्हणाला. "रोज सराव कर."